पुरेशी फट

धायरीच्या शाळेसमोरचा रस्ता चौदा मीटर.
मी स्वतः मोजला, टेपचं दुसरं टोक
रिक्षावाल्या पोकळ्यांच्या बुटाखाली धरून.
मूल सेकंदाला एक मीटर चालतं, असं पुस्तकात आहे.
बिचकायला तीन सेकंद धरायचे.
म्हणजे सतरा.
सतरा सेकंदांची फट वाहनांच्या ओळीत
मिनिटाला एकदा तरी मिळाली
तर वॉर्डनची गरज नाही.
नाही मिळाली तर फाइल वर जाईल,
आणि वर काय होईल ते वर बघू, म्हणाले साहेब.

बारा वीस. सकाळची शाळा सुटते, दुपारची भरते,
दोन्ही काठांवर निळे गणवेश साचतात.
मी डांबराच्या रिकाम्या पिंपावर, गळ्यात ओळखपत्र,
एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात टकटक करणारं मोजणीयंत्र.
डंपर, मागून खडी सांडत.
पाण्याचा टँकर, त्याच्या मागून आणखी एक.
स्कार्फात गुंडाळलेली ॲक्टिव्हा उलट्या बाजूनं येते
आणि मलाच हॉर्न देते.
पहिलीतला कुणी नेमका मध्यावर थांबतो,
डब्याचं झाकण पडलं म्हणून.
उचलतो, फुंकतो, शर्टाला पुसतो,
डब्यावर बसतंय का ते तिथंच दाबून बघतो.
सेकंदाला एक मीटर.
पुस्तकातल्या मुलाकडे डबा नसावा.

तरीही वीस मिनिटांत सव्वीस फटी.
मागच्या तीन वर्षांत अपघात: शून्य.
मला बरं वाटलं. एक काम तरी
एका कागदात संपत होतं.

दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं.
बाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना
हौसाबाई कुदळे पेरूचा गाडा पुढं ढकलतात,
पुढची दोन चाकं थेट रस्त्यात,
आणि मग बाराला, साडेबाराला, जसं लागेल तसं
अजून वीतभर, अजून हातभर.
पोराला घासून जाणारे
पेरूच्या ढिगाला लांबून वळसा घालतात.
पोर गप्प निघून जातं.
पेरू सांडले तर हौसाबाई बोलायला लागतील,
आणि त्या संपवत नाहीत, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक.
गाडा दोनदा अतिक्रमणवाल्यांनी उचलून नेला.
त्यांचं ऑफिस आमच्याच मजल्यावर,
जिन्याच्या डाव्या हाताला.

"मावशी, उद्या वीस मिनिटं गाडा मागं घ्याल?
खरी मोजणी करायचीय."
त्यांनी पेरूचे चार उभे काप केले, मीठ-तिखट दाबलं.
"घेते की. आन् पोरं?"
"पोरं जातील नेहमीसारखी."
"नेहमी तर मी असते."

पेरूचे वीस रुपये झाले.
वीसच का, हे विचारायची सोय नव्हती.
जाताना त्याच म्हणाल्या,
"शुक्रवारी मी नाही. सासवडला, नातवाचं बारसं.
घ्या तवा तुमची खरी."

शुक्रवारी गाड्याच्या जागी
तेलाच्या डागांचा एक लांबट चौकोन होता,
त्यात कुणीतरी बुलेट लावलेली.

साहेब, तक्ता सोबत जोडला आहे.
पहिल्या सात मिनिटांत पुरेशा फटी: दोन.
त्यातली एक टँकर बंद पडल्यामुळे.
आठव्या मिनिटापासून रकाने कोरे आहेत.
"अडथळा असल्यास" इथं मी पेरूचा गाडा लिहून
खोडला आहे, खोडल्यावर सही केली आहे.
मोजणीयंत्र हरवलेलं नाही,
पिंपावरच होतं, पोकळ्यांनी सांभाळलं.

शेऱ्याला दोनच ओळी दिल्यात म्हणून थोडक्यात:
मोजणी अपूर्ण.
मोजणारी रस्त्यात उभी होती.