मिरज, पंचेचाळीस मिनिटं

छापील पत्रिकेत आम्ही
विजापूर आणि गोव्याच्या मध्ये आहोत,
नवव्या दिवशी, जेवणानंतर.
चौदा दिवस, अकरा ऐतिहासिक शहरं.
मिरज त्यांत मोजलेलं नाही.
बारीक अक्षरांत आहे: वाद्यांची गल्ली, पंचेचाळीस मिनिटं,
स्वच्छतागृहाची सोय.

बस गल्लीत शिरत नाही.
कोपऱ्यावर मी उभी, नारिंगी छत्री उघडून,
दुरून दिसावी म्हणून.
मी मगदूमबाई. इंग्रजी शिकले
दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीमागे,
त्यामुळे स्वागत करतानाही माझ्या आवाजात
'कधीपासून दुखतंय?' असं काहीतरी येतंच.

अकरांतलं एकही शहर मी पाहिलेलं नाही.
ओळखते मात्र.
पिशवीत सोंड तुटलेला संगमरवरी हत्ती, म्हणजे आग्रा.
कपाळावर उतरलेला फेट्याचा रंग: जयपूर.
मनगटात दोरा, आणि बोलणं जरा कमी झालेलं,
ते काशीहून.
एकाच काडीचा चष्मा बदामीच्या माकडांचा.
आणि विजापूर घशात असतं.
सकाळीच गोलघुमटात प्रत्येकानं
आपलं नाव ओरडून सात-सात वेळा परत घेतलेलं,
सगळे बसक्या आवाजात खाली उतरतात.
तीन-चार तासांवर आहे विजापूर. जाईन कधीतरी.
तोवर पर्समध्ये खडीसाखर ठेवते.
हे पत्रिकेत नाही.

गल्लीत भोपळे टांगलेले.
"हे खातात?" कुणीतरी विचारतंच.
नाही, कडू असतात. गोड भोपळ्याची भाजी होते,
कडू राहतो, त्याचा तंबोरा होतो.
हे वाक्य माझं स्वतःचं. लोक वहीत टिपून घेतात.
मग हत्यारं घडवणाऱ्यांची नातवंडं
तारांकडे कशी वळली, ते दोन मिनिटांत.
मग दस्तगीरचाचांचं दुकान.

चाचा मान वर करत नाहीत.
घोडीवर कानस, एकदा, दोनदा.
फुंकर.
तार छेडायची, ऐकायचं.
जवारी काढणं म्हणतात याला. मी 'आवाजाला धार लावणं' सांगते,
धार नव्हे खरं तर, पण वेळ कुठे असतो.
"अजून नाही," चाचा म्हणतात.
दिवसभर तेवढंच.
मी भाषांतर करते: "झालंच, जवळजवळ."
सहा वर्षं, दर गुरुवारी, हे खोटं
मी शुद्ध व्याकरणात बोलत आलेय.

परवाच्या घोळक्यात एक इल्साबाई होत्या,
चाळीस वर्षं लोकांचे पियानो जुळवलेल्या.
फोटो काढत नव्हत्या.
कानस. फुंकर. तार.
चाचांची मान हलली: नाही.
त्यांचीही हलली, केसभर आधीच.

तेव्हा चाचांनी वर पाहिलं.
घारे डोळे आहेत त्यांचे. सहा वर्षांत
मला ठाऊक नव्हतं.
बाजूची तूस झटकून त्यांनी सतरंजी पुढे सरकवली,
गुडघे धरत, कण्हत, त्या बसल्या.
कानस. तार. दोघांचंही नाही.
पुन्हा. नाही.
मी भाषांतराला तोंड उघडलं
आणि त्यात खडीसाखर टाकली, स्वतःच्याच.

मग हॉर्न. लांबलचक, सिद्राम ड्रायव्हर वैतागलेला.
"काळी दोन," चाचा म्हणाले, "पण उतरलेली."
बाईंना त्यातलं अक्षर कळलं नसेल.
विजापूरनं बसवलेल्या घशानं त्यांनी
हॉर्नचा तोच स्वर धरला
आणि किंचित वर चढवला.

बस गोव्याकडे गेली.
अभिप्रायात मिरजेला पाचांपैकी तीन पडतात:
'छान, पण अपूर्ण वाटलं.'
या खेपेचे कागद यायचेत.

मी छत्री मिटली, काडी कुठेतरी वाजली.
मागे वळून विचारणार होते, ही कुठली.
पण दुकानात कानस सुरू झाली होती.