समुद्राचं नाव

ये, बस ब्राइस. शिनाणे साफ करता करता बोलू,
हातांना काम असलं की जीभ जरा सैल होते.
ती दाढी खालच्या बाजूला ओढायची. हां, अशी.

शुर्शोमामाला समुद्राने नेलं
असं तुला लहानपणापासून सांगत आले.
आपल्या गालिसियात हे खोटं फार स्वस्त.
प्रत्येक घराने कुणी ना कुणी पाण्याला दिलेला,
उलट विचारत नाही कोणी.

समुद्राने नाही नेलं.
बंदरामागच्या बर्फाच्या कारखान्यात,
संडासाच्या फरशीवर सापडला तो, बावीस वर्षांचा.
एकाच पायात मोजा, मी विणलेला.
आई डॉक्टरला म्हणाली, "हृदय लिहा."
डॉक्टरने हृदय लिहिलं.

आधी नुसती सिगारेटची खोकी होती.
दिवे मालवून होडी न्यायची, उजाडायच्या आत घरी.
पाद्रीसुद्धा ओढायचा त्यातली.
मग खोकी लहान झाली, पैसे मोठे.
आणि एकदा त्यांच्याकडे रोकड नव्हती,
मजुरीऐवजी पुडी दिली.

आपल्या घरात ती अशी आली, पगार म्हणून.
शाळेच्या भिंतीवर काळी कवटी काढलीये ना?
तसं तोंड नव्हतं तिला.
ती देणारा नेस्तोर
माझ्या लग्नात सगळ्यांत छान नाचला होता.

आणि हा फ्रीज.
तुझ्या पाठीमागे घरघरतोय तो.
शुर्शोने एकट्याने जिन्यावरून चढवला,
वर येऊन धापा टाकत हसत बसला.
त्यातच पुढे तुझं दूध ठेवलं, तुझी तापाची औषधं.
पैसे कुठले ते मला कळत होतं.
विचारलं नाही. फ्रीज हवा होता मला.
हेच सांगायला बसवलंय तुला,
बाकीचं शाळेतही सांगतील.

तू मान वर करत नाहीस.
एक उघडा शिंपला बोटाने टोचतोस,
मिटत नाही तो. बाजूला टाकतोस.
मग म्हणतोस, "आई, हे सगळ्यांना माहीत आहे.
तू एकटीच समुद्र म्हणायचीस."

बरं.
मग मला एक सांग.
तुला दिलंय कधी कोणी?

नळ वाहतोय.
"एकदा," तू म्हणतोस.

मी नळ बंद करते.
ओरडायचं नाही, असं रात्रभर घोकून ठेवलंय.
अर्धी टोपली अजून बाकी आहे,
सुरी तुझ्या हातात आहे.
आता तू बोल.