सूट ११८

वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये, नखं रंगवायच्या दुकानाला चिकटून
आमचं दुकान. झेरॉक्स, पार्सल, पासपोर्ट फोटो,
आणि मागच्या भिंतीवर पत्र्याच्या दोनशे चाळीस पेट्या.
महिना बारा पौंड भाडं.
पेटी म्हणायचं नाही, ‘सूट’ म्हणायचं,
बैंससाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
लेटरहेडवर शोभून दिसतं.

एकशे अठरामध्ये एक विद्यापीठ आहे.
माझा जेवणाचा डबा आत आडवा ठेवला
तर कुलगुरूंना उभं राहायला जागा उरणार नाही.

पहिलं वर्षभर मी हसायचे.

काल तो आला.
नवा निळा सूट, बाहीवरचं लेबल काढायचं राहिलेलं.
काचेसमोर उभा राहून फोनवर म्हणत होता,
“पोचलो बघ. इथंच हाय कुठंतरी. बोर्ड दिसंना.”
सूट घालून तो सूट शोधत होता,
आणि फीमध्ये चाळीस टक्के सूट मिळाली
म्हणून बायकोला अजून कौतुक सांगत होता.

मी मराठीत म्हटलं, “आत या.”
आणि बोट दाखवलं.

तो वाकला.
फटीतून बराच वेळ पाहत राहिला.
“आत कुणीच नाही?”

व्यंकट मोरताळे. गाव कंधारजवळ.
स्टोकच्या वृद्धाश्रमात आठ वर्षं रात्रपाळी.
मॅनेजरची जागा निघाली, त्यांनी मूळ गुणपत्रक मागितलं,
आणि विद्यापीठाचा फोन वाजेनासा झाला.
परीक्षा झाली होती का?
“झाली की. वीस प्रश्न. चुकलं तर तोच प्रश्न परत,
बरोबर येईपर्यंत.”
शिकवायला कोण होतं?
“प्राध्यापक होते, चॅटवर. पहाटे तीनला विचारलं
तरी लगेच उत्तर. मला वाटलं, काय निष्ठा माणसाची.”

मग जरा थांबून, खुर्चीच्या कडेवर बसत,
“ताई, अनुभवाचे चाळीस गुण दिले त्यांनी.
आठ वर्षं म्हातारी माणसं उचलली, पुसली, कुशीवर वळवली,
ते कुणी मोजलंच नव्हतं.
ह्यांनी मोजलं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
जे होतं ते सांगितलं:
सरकारची यादी असते, फुकट बघता येते.
पदवी द्यायचा हक्क कुणाला आहे ते त्यात लिहिलेलं असतं.
नाव टाकायचं. सापडलं तर आहे,
नाही सापडलं तर पैसे खिशातच ठेवायचे.
यादीची लिंक त्यांनीच पाठवली, तर ती यादीही त्यांचीच.
आणि अकरा आठवड्यांत तर साधं मुरलेलं लोणचंही
धड होत नाही.

तो हसला. हसायला नको होतं मी बोलले त्याला.
“हे आधी कुठं लिहून ठेवलं असतं तर,”
इतकंच म्हणाला.

सात वर्षं इथे बसते मी.
नायजेरियाची पाकिटं, सिल्हेटची, कोचीची,
‘कृपया उत्तर द्या’ खाली दोनदा रेघ मारलेली,
सगळी मीच त्या फटीत सरकवली.
भाडं वेळेवर येतं.

जाताना कात्री घेऊन त्याच्या बाहीवरचं लेबल कापलं.
त्याने हात लहान मुलासारखा पुढे धरला.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी चिठ्ठी चिकटवली, एकशे अठराच्या आकड्याखाली,
इंग्रजीत, आणि खाली मराठीतही:
आत कुणी नाही. यादी बघा.

बैंससाहेब सोमवारी येतात.