चुणी

लाइट गेली.
रोलरनं शेवटचा गरका घेतला आणि तो गप झाला.
इलेवेटरच्या डब्यांत तूर अर्ध्यावर अडकली
आणि लातूरच्या एमायडीसीवर
डब्याचं झाकण निघावं तसं
एकदम आभाळ.

चल, आज सोडायचं नाही, इलाही अत्तार म्हणाला.
मालकाच्या पोरानं ग्रहणापुरती घेतलेली दुर्बीण
तीन वर्षं सुतळीच्या बंडलांमागं पडून होती.
तिच्या मोडक्या पायाला इलाहीनं
मशीनच्या पट्ट्याचा तुकडा रिबीट मारून बसवलेला.
पत्र्यावर चढलो. पत्रा अजून गरम.
वैशाख, रात्रीचे साडेअकरा,
औशाच्या अंगाला, धुळीच्या जरा वर,
हात लांब करून मूठ धरावी
तर मुठीएवढ्याच उंचीवर एक तारा.

याचं नाव मित्र.
आपल्याकडं जास्त येत नाही, इलाही म्हणाला.
उन्हाळ्यात येतो, कडेकडेनं निघून जातो.
दिल्लीकडच्यांना तर तोंडच दाखवत नाही.

आधी भिंगात एक दाणा,
उकळत्या पाण्यातल्यासारखा हलणारा.
मग त्यानं चक्री फिरवली, श्वास धरला,
आणि दाणा फुटला.
दोन डाळी:
एक थोरली, पिवळी,
दुसरी जराशी भगवट.

वीस वर्षं मी दुसरं काय करतो?
तुरीला तेल, तुरीला ऊन, तुरीला रोलर,
एकाचे दोन, एकाचे दोन,
कान बसले या खडखडाटानं.
पण असं मुकाट्यानं
एकाचे दोन झालेले
कधी बघितले नव्हते.

ऐंशी वर्षांत एकमेकांभोवती एक फेरा, इलाही म्हणाला.
म्हणजे एक फेरा बघायला
अख्खा एक माणूस लागतो, मी म्हणालो,
तोही चांगल्या डोळ्यांचा.

डोळे म्हटल्यावर शिवकांताबाई आठवल्या.
मागच्या गल्लीत बाज टाकून जाग्याच होत्या.
पदर खोचून शिडी चढल्या.
पट्ट्याच्या दोन्ही अंगांना तेवीस बाया बसायच्या,
त्यांतली हिची नजर अशी
की काळा दाणा हिच्यापर्यंत यायलाच भ्यायचा.
मग कलर सॉर्टर आला.
त्याला काळं दिसलं की तो फुंकर मारतो.
पहिल्या फुंकरीत
तेवीस बाया उडाल्या.

बाईंनी डोळा लावला. बराच वेळ लावला.
इलाही सांगत होता:
हा उजेड आत्ताचा न्हाई बाई,
चार वर्षं चार महिने झाले निघून.
बाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं.
मग तवा आमी व्हतो.
हाव, व्हता.
पट्ट्यापाशी बसलेल्या.
हाव.

खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, थांबलं.

दोनच हायेत व्हय? बाईंनी विचारलं.
इलाही चपापला.
तिसरा आहे. बारका, तांबडा,
या दोघांपासून लांब, लई लांब,
त्याचा एक फेरा व्हायला लाखो वर्षं.
पण आपल्याला सगळ्यांत जवळचा तोच.
सूर्य सोडला तर त्याच्याइतकं जवळ कुणीच नाही.
फक्त या दुर्बिणीत दिसत नाही.

चुणीत गेला आसंल, बाई म्हणाल्या.
डाळ फुटली की मधला डोळा पडतोच,
खालच्या चाळणीतून, जनावरांच्या पोत्यात.
मोड त्यालाच येतो की.

यावर इलाही काही बोलला नाही.
त्याच्याकडं पुस्तक आहे, त्यात हे नसावं.

लाइट आली.
आभाळ पातळ झालं, मित्र धुरकटला.
मी शिडी उतरलो, स्टार्टरपाशी गेलो.
हिरव्या बटणावर बोट ठेवलं
आणि ठेवूनच उभा राहिलो.
सुरू केलं की पत्रा थरथरणार.
वरून बाईंचा आवाज येत होता:
सरकला, सरकला बगा,
धरा की त्याला.