साठ मीटरचा पट्टा

नोव्हेंबरच्या अखेरीस ओइवा म्हणाला,
रेडिओत कोणीतरी शिरलंय.
कोठीत उंदीर झालाय म्हणावं, तसं.

आमच्या मध्यरात्री बोलिव्हियात संध्याकाळ होते
आणि डोंगरातलं एक बारकं केंद्र
पाइनला बांधलेल्या तारेवरून त्याच्या टेबलावर उतरतं.
भाषा त्याला येत नाही, तरी सकाळी तो मला सांगतो :
बटाटा चढलाय. कुणाचं तरी गाढव सुटलंय.
चाळीस वर्षं.

आता तिथे नुसती भुणभुण.
वहीत नोंद : दहाला सुरू, दोनच्या सुमारास बंद.
चोराला कुठली एवढी शिस्त, मी म्हटलं.

एन्सिओच्या गाडीचा हीटर असेल.
लेम्पीचा मिरच्यांवरचा जांभळा दिवा असेल.
वीज कंपनीचा पोरगा आला, खांबावर दोनदा ठोकलं,
तीन कप कॉफी प्यायला आणि गेला.

मग माझ्या भरतकामाच्या कड्यावर तार गुंडाळून
उणे सव्वीसमध्ये हा रात्रीचा गावभर,
ताप आलेलं पोर घ्यावं तसा रेडिओ छातीशी.
कडं फिरवत राहायचं, तो म्हणतो,
आवाज ज्या अंगाला मरतो, त्या अंगाला त्याचं मूळ.
लेम्पीने बिचारीने चार रात्री दिवा विझवला.
मिरच्यांनी माना टाकल्या.
घरापासून जसा लांब जाई तशी भुणभुण बारीक होई,
हे मात्र त्याने वहीत लिहिलं नाही.

मी दहाला कान काढते.
दोन्ही डबीत ठेवते, झाकण लावते,
हिरवा ठिपका पेटतो,
आणि घरातल्या सगळ्या वस्तूंवर बर्फ पडतं.
ओइवा बोलत असला तर नुसते ओठ.
मी मान हलवते. पाठ फिरवून झोपते.

त्या रात्री जाग आली ती ठिपका विझला म्हणून.
स्वयंपाकघरात त्याने मेन स्विच पाडला होता,
टॉर्चच्या उजेडात तोंड उघडं टाकून ऐकत होता.
मग एकेक फ्यूज वर.
सौना. विहिरीचा पंप. बैठक.
शेवटी आमची खोली.

कडं घेऊन तो आत आला.
कपाट. घड्याळ. माझे पाय. माझं पोट.
उशीपाशी कडं थांबलं.
सारा गाव वळसा घालून झाल्यावर.
त्याने डबीचा प्लग काढला
आणि मोज्यांतल्या पायांनी बराच वेळ उभा राहिला.
काहीतरी म्हणाला.
मी चाचपून एक कान बसवला, विचारलं, काय?
काही नाही, म्हणाला.

सकाळी लेम्पीकडे राईची पाव घेऊन गेला.
काय सांगितलं ते सांगत नाही.

आता डबी दुपारी दोनला लागते, बाहेर अंधार पडू लागतो तेव्हा.
सहापर्यंत मी बहिरी, तो गप्प, लाकडं आपली जळतात.
आणि मध्यरात्री माझे कान भरलेले असतात.
काल त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.
खरखरीच्या पलीकडून तो माणूस आला,
इतका जवळ, की श्वास घेताना अडखळला.

याला सर्दी झालीय, मी म्हटलं.
ओइवा म्हणाला, श्श.