आतला हात

मर्लचा ट्रेलर हचिन्सनहून ओढत आणला
तेव्हा मागची जमीन कुजून भिजल्या पावासारखी झाली होती.
चाकांत गवत. छतावर डांबर.
एकोणीसशे बासष्टचं ॲल्युमिनियम,
राखेच्या रंगाचं, जागोजाग पोचे पडलेलं.
भावाशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो.
कारण सांगण्यासारखं नाही;
एक ट्रॅक्टर होता, त्याचे पैसे होते.

मार्चभर नुसतं डांबर खरवडलं.
गळेल तिथे त्यानं डांबर थापलं होतं,
त्यावर सिलिकॉन, त्यावर पावाच्या पिशवीचं प्लास्टिक,
त्यावर पुन्हा डांबर.
आमच्या घरची रीतच ती.
मी मेलेल्या माणसाला मोठ्यानं शिव्या घालायचो
आणि कॅन्ससचा वारा
त्या तोंडातल्या तोंडात काढून न्यायचा.

एप्रिलमध्ये शेजारची आर्डिथ क्लासेन आली.
वय ब्याऐंशी. विचिटाच्या विमान-कारखान्यात
एकतीस वर्षं पंखांना रिवेट मारले,
त्यात दोन्ही कान गेले.
चष्मा कपाळावर चढवून तिनं ट्रेलरला एक फेरी घातली,
गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा
तसा पत्र्यावरून तळहात फिरवत,
आणि थांबली.
"हे सगळे आंधळे रिवेट," ती म्हणाली,
बहिऱ्या माणसांच्या त्या चढ्या आवाजात.
"बाहेरच्या बाहेर ठोकायचे. आत कोणी लागत नाही.
एकट्या माणसाचं काम."

मी मोजले. दोनशे चौदा.

खऱ्या रिवेटला दोघं लागतात.
एक बाहेर, हातोड्याची बंदूक घेऊन.
एक आत, लोखंडाचा ठोकळा
रिवेटच्या शेपटीला टेकवून.
मधे पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही.
आतल्यानं फक्त रेटून धरायचं,
कमी नाही, जास्त नाही,
मग शेपटी चपटी होऊन बटणासारखी बसते.
तिनं मला आत बसवलं.
टकटक एकदा: तयार. दोनदा: जमलं.
तीनदा: उडव, पुन्हा मार.
तिला ऐकू येत नाही; पत्र्यावर बोटं ठेवून
ती माझी टकटक वाचायची.
पहिल्या दिवशी मी तीनतीनदाच वाजवत होतो.

आतल्या फळ्या काढल्यावर नुसत्या बरगड्या उरल्या.
त्यांच्यात उकिडवा बसून मी धरायचो.
उंदरांच्या घरट्यातून
मर्लच्या चौकड्याच्या शर्टाचे धागे निघाले.
ठोकळा दाढेच्या मुळापर्यंत झणझणायचा.
कधीकधी वाटायचं, बाहेर तोच आहे.
वाटू द्यायला हरकत नव्हती,
पत्रा मधे होता.

जूनमध्ये घासायला घेतलं.
हात कोपरापर्यंत काळे, शिंकरलं तरी काळं.
एका दुपारी वीतभर जागेत
धान्याचा सायलो उगवला, त्याच्यावर एक ढग,
खाली वाकडातिकडा मी,
आणि जबडा हुबेहूब मर्लचा.
मी हात आवरला.
"थांबलास का?" आर्डिथ ओरडली. "डाग पडेल."

शेवटी पाण्याची परीक्षा.
ती बाहेर पाइप धरून, मी आत टॉर्च घेऊन.
अर्धा तास. दोनशे तेरा जागा खडखडीत कोरड्या.
एक मी बदलला नव्हता. तिला सांगितलंही नव्हतं.
पलंगाच्या उशाशी,
भोवती पेन्सिलीचं फिकट वर्तुळ,
म्हणजे हा एवढा तरी त्यानं
मोजून, आखून, जपून मारला होता.
तिथून थेंब आला.
मग दुसरा.

पाणी थांबलं.
पत्र्यापलीकडे तिची बोटं टेकलेली असणार.
मी दोनदा वाजवलं
आणि कॉफीचा मग खाली सरकवला.