भाडं

बंदराच्या उतारावर बास्त्यांव इंजिन बंद करतो,
पेट्रोल वाचवायला.
पाच-सहा वर्षं मी त्या रिक्षातून असाच उतरलो,
मागच्या सीटवर, आडवा.
घरी कुणी पोचवलं ते सकाळी कळायचं,
ओट्यावर नीट जोडून ठेवलेल्या चपलांवरून.
भाडं तो घेत नसे.
म्हणायचा, "शुद्धीत आसशीत तेवा दी."

त्याच्या सीटच्या पाठीला, रेक्झिनवर, एक कागद चिकटवलेला.
माझ्या नाकापासून वीतभर.
मला वाटायचं मलेरियाची सूचना असेल,
किंवा आरटीओचं काहीतरी.
रात्री त्यावरची अक्षरं
ओहोटीच्या वाळूत खेकडे पळावेत तशी पळायची.

मग एकदा पोरीच्या पायात पाकटाचा काटा गेला.
त्या सकाळी माझ्या खिशात काही नव्हतं
म्हणून पोटातही नव्हतं.
ती चौथीतली. कळ विसरायला दिसेल ते वाचत होती:
ओले काजूगर मिळतील.
येथे सायकल लावू नये.
मग समोरचा कागद, तसाच मोठ्यानं:
दारू सुटत नाही? या.
मंगळवार, शुक्रवार, साडेसहा.
मच्छी मार्केटच्या मागे, बालवाडी.
फी नाही. आडनाव सांगायची गरज नाही.
"बाबा, आडनाव न सांगता हजेरी कशी घेतात?"
मी रस्त्याकडे बघत राहिलो.
बास्त्यांवही रस्त्याकडेच.

पहिल्या मंगळवारी मी बालवाडीवरून पुढे गेलो
आणि बेकरीतून नको असलेले टोस्ट घेऊन आलो.
शुक्रवारीही टोस्ट.
घरात चार पाकिटं झाली तेव्हा बायकोनं विचारलं,
नवीन काय सुरू केलंत?

आत खुर्च्या लहान पोरांच्या, लाल-हिरव्या.
गुडघे हनुवटीला लागतात.
भिंतीवर बाणातला ण, बाळातला ळ.
सात पुरुष, आणि एक बाई,
कोरडे हात पदराला पुसत राहणारी.
फक्त नाव सांगायचं, म्हणाले.
या गावात, जिथं कुत्र्यालासुद्धा
घराण्यावरून हाक मारतात!
तिघांना तर मी चांगला ओळखत होतो.
एकाचे नऊशे रुपये देणं होतं.
एकाच्या लग्नात मी मांडवासकट पडलो होतो.
ते मला ओळखत नव्हते.
ठरवून.

कोपऱ्यात स्टोव्हवर चहा ढवळणारा वळला,
खाकी शर्ट, खिशाला पेन.
"मी बास्त्यांव. दारुडो.
अकरा वर्सां झाली. पण मोजतंय तो आजचो दीस."

माझी पाळी आली. नाव सांगितलं.
पुढचं वाक्य घशात आडवं झालं.
मग कामाचंच बोललो:
कारखान्यात मी बर्फाच्या लाद्या काढतो.
बर्फ मासा जिवंत करत नाही.
खराब झालेला सुधारत नाही.
आजचा आहे तसा बाजारापर्यंत नेतो,
एवढंच.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बाई म्हणाली, "बरा."
चहात साखर फार होती.

चौदाव्या दिवशी मी घसरलो.
कसा, ते सांगण्यासारखं नाही. तहान लागली नव्हती,
पगार झाला होता.
पुढच्या मंगळवारी दारातच उभा राहिलो.
बास्त्यांवनं पायानं एक हिरवी खुर्ची पुढे सरकवली,
तीच, एक पाय आखूड असलेली.
कितवा दिवस ते कुणी विचारलं नाही.
मीच म्हणालो, पयलो.

काल परतताना पाऊस नव्हता, वारा नव्हता.
समुद्राचा नुसता आवाज, आणि उतारावर बंद इंजिन.
मी बसलो होतो. बसलेलो.
घराशी उतरून पन्नासची नोट पुढे केली.
त्यानं दिव्यापाशी धरून बघितली, खरी आहे का,
पेटीत टाकली,
चाचपून दहा रुपये परत दिले.

"मागचां?" मी विचारलं.
"मागच्या वेळेक तू खय होतंस?" म्हणाला,
आणि रिक्षा वळवली.

चपला मी स्वतः काढल्या.
एक उलटी पडली.